कच्ची मुसळे

नववीच्या वर्गात, गणिताच्या तासाला माझी दाढ पडली.

चौगुले सरांनी मला उभं केलं होतं. फळ्यावर समीकरण होतं आणि मला 'क्ष'ची किंमत सांगायची होती. डावीकडची खालची दाढ चार दिवस हलत होती, ती मी जिभेनं ढकलत होते.

"मुसळे, तोंडात काय आहे? चिंच? थुंक आधी."

मी तोंड उघडलं. दाढ वहीवर पडली आणि तिच्याबरोबर थोडं रक्त.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "कच्चीचा दातबी कच्चा!" वर्ग हसला.

कच्ची म्हणजे मी. वर्गात दोन मुसळे होत्या. पहिल्या बाकावर उज्ज्वला, चौथ्या बाकावर मी, सुवर्णा. दोघींची जन्मतारीख एकच, १ जून १९८१. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आमच्या नावांपुढे शेऱ्याच्या रकान्यात, प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेला एक शब्द होता, 'जुळ्या'. चेहरे सारखे नव्हते, पण सगळ्याच जुळ्यांचे नसतात. उज्ज्वला वर्गात दुसरी-तिसरी यायची. मला ऑगस्टच्या घटक चाचणीत गणितात वीसपैकी दोन होते. चौगुले सर म्हणायचे, "एका दिवशी, एका आईच्या पोटी आलेल्या. एक पक्की, एक कच्ची. आता यात मास्तरचा काय दोष?"

त्या दिवशी मात्र सरांचा चेहरा उतरला. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी मला एक लगावली होती, त्याच गालावर.

"घरी मारलं काय गं तुला?"

"नाही सर."

"वडील पितात?"

"नाही सर."

"घाबरू नको. चल ऑफिसात."

दाढ मी कंपासपेटीत टाकली. ती घरी न्यायची होती.

मुख्याध्यापक नरगुंदे सरांच्या टेबलावर माझं नाव आधीच होतं. शाळा सोडल्याचा दाखला लिहून तयार होता, फक्त सही राहिली होती. शनिवारी वडिलांना बोलावलं होतं. हे मला सोमवारीच कळलं होतं. शाळेच्या फाटकावर निळ्या अक्षरांत 'शंभर टक्के निकालाची परंपरा' असं रंगवलं होतं आणि ती परंपरा राखायची एक रीत होती. दहावीत नापास होईल असं वाटणाऱ्या मुलांना नववीतच दाखला देऊन सांगायचं, बाहेरून बसा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. इचलकरंजीत आमच्या गल्लीतल्या चार मुलींनी असा दाखला घेतला होता. चौघीही कांडी मशीनवर होत्या. मागावरचं आडवं सूत, म्हणजे बाणा, भरायच्या कांड्या गुंडाळायचं काम आई करायची, तिच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि मुकादमानं ती माझ्यासाठी ठेवतो असं सांगितलं होतं.

"घरी मारहाण आहे, सर," चौगुले सर म्हणाले. "दात पाडलाय पोरीचा."

नरगुंदे सरांनी चष्मा वर केला. "आज बुधवार ना? समाजबाईंकडं न्या."

समाजबाई म्हणजे शिकलगार बाई. एका संस्थेनं त्यांना आमच्यासकट तीन शाळांसाठी नेमलं होतं. आमच्या वाट्याला बुधवार. त्या शिकवत नव्हत्या, म्हणून मुलांना त्यांना काय म्हणावं ते कळत नव्हतं. कुणीतरी समाजबाई म्हटलं आणि तेच राहिलं. प्रयोगशाळेच्या मागे, तुटक्या बाकांच्या खोलीत त्यांना एक टेबल दिलं होतं. पस्तिशीच्या असतील. मिरजेहून एसटीनं यायच्या.

चौगुले सरांनी सगळं सांगितलं आणि ते तासावर गेले. बाईंनी आधी मला चूळ भरायला लावली. मग वही उघडली. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे वर लिहिलं, 'दिसलं'. उजवीकडे, 'वाटलं'.

"वडील तुला मारताना सरांनी पाहिलंय?"

"नाही."

त्यांनी 'घरी मारहाण (चौगुले सर)' असं उजव्या बाजूला लिहिलं.

"दात कुठाय?"

मी कंपास उघडली. बाईंनी दाढ कागदावर घेतली, खिडकीशी नेली, उलटी करून पाहिली. बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हा इथं कशाला ठेवलास?"

"छपरावर टाकायचा आहे."

"का?"

"नवीन चांगला येतो. आई म्हणते."

त्या हसल्या नाहीत. डाव्या बाजूला त्यांनी एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे फिरवली. मी वाचली. 'दाढेला मुळं नाहीत.'

"म्हणजे काय, बाई?"

"अजून मलाही नक्की माहीत नाही. उद्या मी तुमच्या घरी आले तर चालेल?"

चालेल का, असं मला शाळेत कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

आमचं घर म्हणजे मागाच्या कारखान्याला चिकटलेल्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे चोवीस माग होते. त्या आवाजाची आम्हांला इतकी सवय होती की लाईट गेली, माग थांबले, की झोपलेली माणसं जागी व्हायची. गुरुवारी दुपारी बाई आल्या तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्रपाळी करून झोपले होते. आईनं त्यांना हलवलं. शाळेतून बाई आल्यात म्हटल्यावर ते उठून बसले, आणि त्यांनी बाईंकडे न बघता मला विचारलं, "दुखतंय काय गं अजून?" कालपासून ते हे पाचव्यांदा विचारत होते. त्यांच्या सांगण्यावरून सकाळी माझ्यापुरता मऊ भात झाला होता. त्याचं पातेलं तिथंच होतं.

बाईंनी पातेल्याकडं पाहिलं. वही काढली नाही.

"धाकले, पाणी दे बाईस्नी," आई म्हणाली.

मी पाणी दिलं. उज्ज्वला दारात उभी होती, शाळेचा गणवेश तसाच.

"ताई, दोघी जुळ्या ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय की," आई म्हणाली. तिनं ते फार पटकन म्हटलं.

"मग हिला धाकली म्हणता?"

"ही मागनं झाली. उज्जी आधी झाली."

"किती वेळानं?"

आईनं पदर सारखा केला. अण्णा जमिनीकडे बघू लागले.

"दोन..." आई म्हणाली.

"दोन काय? मिनिटं? तास?"

आई बोलेना. पलीकडे माग चालू होते, म्हणून ती गप्प आहे हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. बाईंनी घाई केली नाही. पेल्यातलं पाणी घोट घोट पीत राहिल्या.

"दोन वर्षं," उज्ज्वला म्हणाली.

"उज्जे!" आई ओरडली.

"दोन वर्षं, बाई. सुवी बारा वर्षांची आहे."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घरात मी धाकलीच होते. उज्ज्वलाचे कपडे मला यायचे, ती झोका घेऊ लागली तेव्हा मी पाळण्यात होते, हे सगळं घरात बोललं जायचं. पण पहिल्या दिवशी शाळेच्या पायरीवर आईनं दोघींचे हात घट्ट धरून सांगितलं होतं, कुणी विचारलं तर जुळ्या म्हणायचं, न्हाईतर नाव काढतील. आम्ही आठ वर्षं तेच म्हणत होतो. घरातलं वय घरात आणि शाळेतलं शाळेत. मी कच्ची आहे याचा आणि मी धाकली आहे याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ते आईच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण ती शाळेत गेली नव्हती. उज्ज्वलाच्या डोक्यात कधी आलं, ते मला नंतर कळलं.

"आता दोघींची नावं काढतील," आई म्हणाली आणि रडू लागली. "सरकारला खोटं सांगितलंय आमी."

"कसं झालं ते सांगा," बाई म्हणाल्या. "मी लिहीत नाही. नुसतं ऐकते."

आईनं सांगितलं. उज्ज्वलाचं नाव घालायला ती नगरपालिकेच्या शाळेत गेली होती. मी काखेत होते. जन्माचा दाखला नव्हता. तेव्हा बऱ्याच जणांकडे नसायचा. गुरुजी मुलांना म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. धरता आला की सहा वर्षं पूर्ण, पहिलीत नाव, आणि तारीख १ जून. उज्ज्वलानं कान धरला. मला खाली सोडलं होतं. तिचं बघून मीही हात वर घेतला.

"अन् धरला की हो कान हिनं!" आई रडता रडता म्हणाली. "हात लांब होता हिचा. लहानपणापास्नं. गुरुजी हसाय लागले. म्हणाले, हिचंबी घालू काय नाव? मी कांडीवर जायची, बाई. हिला कुणाकडं ठेवू? मी म्हटलं, घाला. त्यांनी दोघींची एकच तारीख घातली. मग हेडमास्तर म्हणाले, हे कसं काय? तर गुरुजींनीच लिवलं, जुळ्या."

अण्णा पहिल्यांदा बोलले. "चूक आमची हाय, बाई. पोरीला काय करू नका."

बाईंनी पेला खाली ठेवला. मग त्या आईला किंवा अण्णांना काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सुवर्णा, हे मी नरगुंदे सरांना सांगू का? तू नको म्हणालीस तर सांगणार नाही. पण मग शनिवारचा दाखला मला थांबवता येईल असं वाटत नाही."

"उज्जीचं नाव काढतील?"

"माहीत नाही."

मोठी माणसं अशा वेळी 'काही होत नाही' म्हणतात. बाई माहीत नाही म्हणाल्या, म्हणून मला त्यांचा विश्वास वाटला.

"उद्या मी कोल्हापूरला शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन विचारते. शनिवारी शाळेच्या दारात तुम्हांला भेटते. तिथं मी काय ते सांगेन. मग तू ठरव."

त्या गेल्यावर आई उज्ज्वलाशी बोलली नाही. रात्री जेवताना तिनं तिला भाकरी वाढली ती लांबूनच. अंथरुणात मी विचारलं, "का सांगितलंस?"

"सहावीपासून तुझा गृहपाठ मी करते," उज्ज्वला म्हणाली. "दोन वर्षांमागं वर्गात शिकवलेलं तुला यंदा समजतं. दर वर्षी असंच होतं. मी पाहिलंय. गप बस आता, आई जागी आहे."

शनिवारी बाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आम्हां चौघांना बाजूला घेतलं आणि कोल्हापूरला कळलेलं सांगितलं. थोरलीची तारीख खऱ्या तारखेच्या जवळची आहे, तिच्या नावाला धक्का नाही. धाकलीची तारीख शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्त करता येते, दाखला घेतला की अवघड होतं. पालकांच्या अर्जावरून मुलीला खालच्या वर्गात बसवता येतं, पण मुख्याध्यापकांनी मान्य केलं तरच.

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" अण्णांनी विचारलं.

"तर आपण पुन्हा वर अर्ज करू. त्याला महिने लागतील. तोवर ही घरी."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सांगा."

ऑफिसात नरगुंदे सर आणि चौगुले सर होते. बाईंनी सगळं पाच-सात वाक्यांत सांगितलं. नरगुंदे सर ऐकता ऐकता लाल होत गेले.

"म्हणजे आठ वर्षं शाळेला फसवलंत तुम्ही?"

आई भिंतीला टेकली.

"फसवलं हे कुणाच्या नावावर लिहू, सर?" बाईंनी वही उघडली होती. "तारीख गुरुजींच्या हातची आहे. शेराही."

"आणि पुरावा काय? धाकली म्हणतात म्हणून धाकली?"

बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. बुधवारी मीच ती त्यांना दिली होती. त्यांनी दाढ टेबलावर ठेवली, माझ्या दाखल्याच्या शेजारी.

"ही बुधवारी वर्गात पडली. चौगुले सरांसमोर. मारून पाडलेल्या दाताला मूळ असतं. याला नाही. हा दुधाचा आहे. खाली नवीन दात वर आलाय, हात लावून पाहा. मी मिरजेत दातांच्या डॉक्टरांना दाखवला, ही त्यांची चिठ्ठी. वय दहा ते बारा वर्षं, असं त्यांचं म्हणणं आहे."

नरगुंदे सरांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग दाढेकडं पाहत राहिले.

"आमची नात सहावीत आहे," ते एकदम म्हणाले. "परवाच पडली तिची. अशीच." मग मला म्हणाले, "हात डोक्यावरून घे गं."

मी हात घेतला. कान सोडून बोटं पार गालापर्यंत आली.

नरगुंदे सर हसले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "मीही प्राथमिकला होतो नऊ वर्षं. किती पोरांचे कान धरायला लावले असतील. यातली किती अशी..."

"सर," बाई म्हणाल्या, "ही दोन वर्षं मागं बसली तर तुमच्या येत्या दहावीत ही नाही. तुमचा निकाल तुमच्याकडं राहतो. शाळा हिच्याकडं राहते."

चौगुले सर खिडकीतून बाहेर बघत होते. नरगुंदे सरांनी टेबलावरचा दाखला उचलला, आडवा फाडला, उभा फाडला.

"आठवीत बसवू," ते म्हणाले. "एकच वर्ष जाईल."

"तिला विचारू या," बाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडं बघू लागले. सातवीत आमच्या गल्लीतल्या तीन मुली होत्या, त्या हसणार हे नक्की होतं. आठवीत ओळखीचं कुणी नव्हतं.

"सातवीत," मी म्हटलं.

"का गं? एक वर्ष वाचेल की."

"सातवीपर्यंतचं मला येतंय, सर."

अण्णांनी अर्जावर सही केली. आईनं अंगठा दिला आणि शाईचं बोट पदराला पुसलं. नरगुंदे सरांनी रजिस्टर मागवलं. तारीख बदलायला वरून मंजुरी यायची होती, ती डिसेंबरात आली. पण शेऱ्याच्या रकान्यातला शब्द त्यांनी तेव्हाच लाल शाईनं खोडला आणि बाजूला सही केली. निघताना चौगुले सर मला म्हणाले, "सातवीला गणित माझ्याकडंच आहे." एवढंच म्हणाले. त्या वर्षी त्यांनी मला एकदाही कच्ची म्हटलं नाही, आणि हातही लावला नाही.

सातवीतल्या मुली पंधरा दिवस हसल्या. सहामाहीत मला गणितात एकसष्ट मिळाले, मग त्या थांबल्या.

शिकलगार बाईंची दीड वर्षानं बदली झाली. पुढे मी वर्तमानपत्रात आले. गेली एकवीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहिते. माझ्या वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ असते. नवीन वार्ताहर विचारतात, तेव्हा मी त्यांना तिचा उपयोग सांगते, ती कुठून आली ते सांगत नाही. ते सांगायला मी एकदा मिरजेला गेले होते. बाई निवृत्त झाल्या होत्या. चहा झाला. मी म्हटलं, बाई, तुम्ही ओळखलंत म्हणून मी शिकले. हे कधीतरी लिहिणार आहे.

"मी ओळखलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "दाढेला मुळं नाहीत एवढंच मला दिसलं होतं. जुळ्या म्हटल्यावर मी गप्प बसून परत आले असते. आई दोन म्हणाली, आणि तुझी बहीण बोलली. तिच्यावर आई किती दिवस रागावली होती?"

"महिनाभर."

"मग तेही लिही. कुणी काय केलं ते नीट लिही. वार्ताहर ना तू?"

म्हणून नीट लिहिते. त्या शनिवारी दुपारी आम्ही घरी आलो तेव्हा लाईट गेली होती आणि चोवीसच्या चोवीस माग थांबले होते. आई आत गेली, उज्ज्वलाकडं न बघता. अण्णा झोपायला गेले. बाईंनी ऑफिसातून निघताना कागदाची पुडी माझ्या हातात परत दिली होती. उज्ज्वला अंगणात आली.

"टाकलास का?"

"तू टाक. तुझा नेम चांगला आहे."

"मी टाकून काय उपयोग? माझे सगळे येऊन गेले." तिनं मला खांद्याला धरून कारखान्याच्या पत्र्याकडं तोंड करून उभं केलं. "तूच टाक. बारा वर्षांची आहेस तू."

मी हात डोक्यावरून मागं नेला आणि दाढ फेकली. एरवी मागांच्या आवाजात काहीच ऐकू आलं नसतं. त्या दिवशी ती पत्र्यावर पडल्याचं दोघींनी ऐकलं. टक्. मग घरंगळत जाऊन ती कुठंतरी अडकली, आणि उज्ज्वला म्हणाली, "आला समज."